इंग्रजीचा शिक्षक कोणी घडवायचा?

आपल्या विद्यापीठांत इंग्रजीचा विभाग एका इमारतीत असतो, शिक्षणशास्त्राचा दुसऱ्या इमारतीत असतो, आणि या दोहोंमधले अंतर मैदान ओलांडण्याइतकेच असले तरी वर्षानुवर्षे ते सहसा कोणी ओलांडीत नाही. विद्यार्थ्याला शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ आणि अलीकडच्या काळात समीक्षेतील नाना संप्रदाय यांचा परिचय करून द्यावा, पदवी हाती पडल्यावर तो पोटापाण्यासाठी काय करतो याची चिंता वाहू नये, अशी इंग्रजी विभागाची धारणा असते. तर जो इंग्रजी स्पेशल घेऊन बी.ए. झाला त्याला इंग्रजी येत असणारच, उणीव असेल ती केवळ अध्यापनपद्धतीची, असे शिक्षणशास्त्र विभाग गृहीत धरून चालतो. दोन्ही गृहीतके एकमेकांच्या भरवशावर उभी असल्यामुळे त्यांची तपासणी कधीच होत नाही, आणि ज्या तरुण-तरुणींच्या हाती उद्या जिल्हा परिषदेच्या शाळांतील व अनुदानित विद्यालयांतील इंग्रजी सोपविली जाणार आहे, त्यांना भाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याची जबाबदारी कोणाच्याच माथी राहत नाही. ती इंग्रजी विभागाची आहे, आणि त्याने ती उघडपणे पत्करली पाहिजे, हे माझे मत मी या स्तंभातून आज पुरेशा विस्ताराने मांडू इच्छितो.

बी.एड.च्या एका छात्राध्यापिकेचा सातवीच्या वर्गावरील सराव पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिला होता. पाठाचे टाचण निर्दोष होते. उद्दिष्टे आणि त्यांची स्पष्टीकरणे रकान्यांत नीट मांडलेली होती, प्रस्तावनेचे प्रश्न क्रमाने ठरलेले होते, आणि बाजाराचे रंगीत चित्र फळ्याशेजारी टांगलेले होते. ‘व्हेअर डिड यू गो येस्टरडे?’ असे तिने विचारले, तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी धीर करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘येस्टरडे आय गो टू मार्केट.’ बाईंनी ‘गुड, सिट डाउन’ म्हटले आणि टाचणातील पुढचा प्रश्न घेतला, कारण पस्तीस मिनिटांत अजून दोन सोपाने पार पाडावयाची होती. पाठ संपल्यावर मार्गदर्शक प्राध्यापकांनी निरीक्षण वहीत फळालेखन सुबक, शैक्षणिक साधन आकर्षक, वर्गनियंत्रण चांगले, असा शेरा लिहिला. त्या एका वाक्याविषयी वहीत काहीच उतरले नाही.

वस्तुतः त्या तासाला शिकविण्याजोगे जे काही होते ते सर्व त्या एका वाक्यात होते. भूतकाळ म्हणजे काय हे त्या मुलीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ‘काल मी बाजारात गेले’ हे वाक्य ती शाळेत येण्यापूर्वीपासून, क्रियापदाच्या काळासकट आणि लिंगासकट, अचूक बोलत आलेली आहे. तिची चूक उगवली ती बाईंच्याच प्रश्नातून. मराठीत ‘तू गेलीस का?’ असे विचारताना क्रियापद आपले भूतकाळाचे रूप सोडीत नाही, शेवटी एक ‘का’ जोडला की प्रश्न होतो. इंग्रजीत मात्र भूतकाळाचा सगळा भार ‘डिड’ने उचलल्यामुळे ‘वेन्ट’ला पुन्हा ‘गो’ व्हावे लागते. मुलीने प्रश्नात ‘गो’ ऐकला आणि उत्तरात ‘गो’ परत केला, म्हणजे मराठीच्या न्यायाने ती योग्य तेच करीत होती. ज्या शिक्षकाला ही दोन्ही व्याकरणे शेजारी ठेवून पाहण्याची सवय असते तो दोन मिनिटे थांबतो, मराठी वाक्य फळ्यावर लिहितो, खाली इंग्रजी प्रश्न व उत्तर लिहितो, आणि ‘डिड’ आला की ‘वेन्ट’ कोठे जातो हे मुलांकडूनच काढून घेतो. पुढच्या दहा मुलांची उत्तरे त्यामुळे सुधारतात. हे ज्ञान अध्यापनपद्धतीच्या पुस्तकात सापडणारे नव्हे, आणि मिल्टनच्या महाकाव्यावरील टिपणांतही सापडणारे नव्हे. ते भाषेचे ज्ञान आहे, आणि विद्यापीठात भाषा ज्याच्या नावावर चालते तो विभाग इंग्रजीचा आहे.

ही उणीव आजची नाही. स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या धोरणानुसार शाळेतील इंग्रजीचा प्रारंभ आठव्या इयत्तेपासून होत असे. पुढे महाराष्ट्रात तो पाचवीवर आला, आणि २००० सालच्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. या निर्णयाच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे पुन्हा उकरून काढण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. परंतु ज्या गुरुजींवर आणि बाईंवर त्याची अंमलबजावणी येऊन पडली, त्यांनी स्वतः इंग्रजीचे पहिले अक्षर बहुधा पाचवीत गिरविले होते, काहींनी आठवीत. आणि सहा वर्षांच्या मुलांना कानाने व तोंडाने भाषा शिकवावयाची तर शिक्षकाच्या जिभेवर ती खेळती असावी लागते, याची तरतूद फर्मान निघण्यापूर्वी व्हावयास हवी होती. ती फर्मानानंतर, उन्हाळी प्रशिक्षण वर्गांतून, पुस्तिका वाटून करण्यात आली.

देशात या विषयाचा विचार कोणी केलाच नाही असे मात्र नाही. १९५८ मध्ये हैदराबादेस केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली, जी आज इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते; पुढे बंगळूर, वल्लभ विद्यानगर येथे संस्था निघाल्या, आणि आपल्याकडे औरंगाबादेस राज्य आंग्लभाषा शिक्षण संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील सामान्य शाळांत जो प्रयोग केला, व्याकरणाचे नियम घोकविण्याऐवजी मुलांना नकाशे, वेळापत्रके अशांवर आधारलेली विचार करावयास लावणारी कामे देऊन त्या ओघात भाषा अंगवळणी पाडण्याचा, त्याची दखल जगभरच्या भाषाशिक्षकांनी घेतली. सर्वोत्तम अशी एकच पद्धती का नसते, याविषयी त्यांनीच पुढे १९९० मध्ये लिहिलेला निबंध भावी शिक्षकाला अवश्य वाचावयास द्यावा असा आहे, कारण पद्धतीपेक्षा, आपल्या शिकविण्याने शिकणे कसे घडते याची शिक्षकाची स्वतःची जाण जिवंत असण्यावर त्यांचा भर आहे. परंतु हे सारे धन नोकरीस लागलेल्या शिक्षकांपर्यंत काही आठवड्यांच्या वर्गांतून पोचत राहिले. तीन आणि पाच वर्षे विद्यार्थी ज्यांच्या हाताखाली असतात त्या विद्यापीठीय विभागांनी ते आपल्या पदवीत आणावे, यासाठी म्हणण्यासारखा प्रयत्न झाला नाही.

मध्यंतरी अध्यापक विद्यालयांचे अमाप पीक आले. महाराष्ट्रातील २९१ संस्थांच्या मान्यतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या आयोगाने २०१२ मध्ये साऱ्या देशातील शिक्षक-शिक्षणाची झाडाझडती घेतली. त्यानंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले व शाळेतील प्रत्यक्ष कार्यासाठी किमान २० आठवडे ठरले. मुदतवाढ स्वागतार्ह आहे. तथापि त्या २० आठवड्यांत छात्राध्यापकाचे इंग्रजी ऐकून ते सुधारणारा जाणकार त्याच्या सोबत नसेल, तर पूर्वी थोडे दिवस होणारी हयगय आता अधिक दिवस होईल इतकेच.

आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकासाठी किमान पात्रता ठरविण्याचे योजिले आहे, आणि पदवीचा विषय व शिक्षणशास्त्र एकाच अभ्यासक्रमात, एकाच आवारात यावेत ही त्यामागची कल्पना आहे. मला भीती वाटते ती अशी की दोन्ही विभाग श्रेयांकांची वाटणी करून घेतील आणि पूर्वीच्याच प्रश्नपत्रिका नव्या नावाने चालू ठेवतील. हे टाळावयाचे तर इंग्रजीच्या अभ्यासमंडळाने भावी शिक्षकासाठी निराळी चौकट आखली पाहिजे. तीत पहिल्या वर्षापासून रोजचे प्रकट वाचन असावे, ज्यात शब्दावरील आघात व वाक्याचा चढउतार यांकडे कोणी कान देऊन लक्ष पुरवील. मराठी व इंग्रजी यांचे तौलनिक व्याकरण असावे. आणि मुलांच्या वह्यांतील खऱ्या चुका जमवून त्यांची कारणे शोधण्याचा अभ्यास असावा. साहित्य काढून टाका असे माझे म्हणणे मुळीच नाही, किंबहुना उलटच आहे. ज्याने एकही इंग्रजी कादंबरी परीक्षेची सक्ती नसताना, केवळ पुढे काय होते या ओढीने वाचलेली नाही, तो आठवीच्या मुलाच्या मनात इंग्रजी पुस्तकाची गोडी उत्पन्न करू शकेल असे मला वाटत नाही. आणि गाइडांतून उत्तरे पाठ करून साहित्याच्या पदव्या मिळविण्याची जी रीत आपण चालू दिली आहे, तिने साहित्य आणि भाषा दोन्हींचे नुकसान केले आहे.

यावर इंग्रजीचे प्राध्यापक म्हणतील की शाळेतील वर्ग आम्हांला ठाऊक नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यावर उपायही आहे. सहाय्यक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे आठवड्याला १६ तासांचा आहे. त्यांतील दोन तास त्याने जवळच्या मराठी शाळेत, आपल्या विद्यार्थ्यांच्या देखत, आठवीच्या वर्गावर शिकवावेत, ते तास त्याच्या कार्यभारात धरले जावेत, आणि सराव पाठांच्या निरीक्षण वहीत ‘विद्यार्थ्यांनी उच्चारलेली वाक्ये व त्यांवर शिक्षकाने केलेली कार्यवाही’ असा एक रकाना वाढवून तो भरण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. विद्यापरिषदेच्या एका ठरावाने होण्याजोगी ही गोष्ट आहे, आणि नव्या अभ्यासक्रमांचे मसुदे आज मंडळांच्या टेबलावर आहेत.