पायाला भिंगरी आहे, अंगण कुठंय?

गारगोटीतली सकाळ, आठचा सुमार. नळाला पाणी आलंय, गॅसवर दूध आहे आणि अडीच वर्षांच्या पोरानं खालच्या फळीवरचा पिठाचा डबा ओढलाय. आई धावेपर्यंत अर्धं पीठ फरशीवर, उरलेलं त्याच्या डोक्यावर. डबा काढून घेताच पोरानं जमिनीवर अंग टाकलं, टाचा घासल्या, भोकाड पसरलं. शेजारच्या काकी दारातून डोकावल्या, "लई वांड हाय बाई तुझं!" आज्जीनं सुनेची समजूत घातली, "असू दे गं, ह्याचा बाप बी असाच हुता." बाप तोवर मोटारसायकलला किक मारून कामाला गेलेला.

थोड्याफार फरकानं ही सकाळ घरोघरी उजाडते. दोष मात्र ठरलेला असतो: आईनं लाडावून ठेवलंय. नाहीतर पोरगंच द्वाड आहे, एक ठेवून दिली की सरळ होईल.

यातलं बहुतेक चूक आहे. अडीच वर्षांच्या मुलाच्या अंगात धावायची, चढायची, ओतायची भूक असते. इच्छा मोठ्या, शब्द तोकडे आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग अजून कच्चा, म्हणून राग हातापायांतून बाहेर पडतो. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यात दिसलं, की मारणं, ढकलणं, चावणं सर्वांत जास्त असतं ते दोन ते चार या वयात. पुढे बहुतेक मुलांत ते आपोआप उतरत जातं. थैमानाचंही तसंच. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांची पंचाहत्तर टक्के थैमानं पाच मिनिटांच्या आत संपलेली आढळली. आईला तो अर्धा तास वाटतो, ही गोष्ट वेगळी.

साखरेलाही उगाच बोल लावला जातो. गुळासाठी देशभर नाव असलेल्या या कोल्हापूर जिल्ह्यातसुद्धा 'गोड खाल्लं की पोरगं चेकाळतं' असं म्हणणारे भेटतील. १९९४ च्या एका प्रयोगात काही आयांना सांगण्यात आलं, की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात साखरेचा कणही दिला नव्हता. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. गोड कमी द्यावं ते दातांसाठी आणि भुकेसाठी. पोर पळतं त्याला गोड कारण नाही.

मग धावपळीचं करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल हवी. सलग तासाभराहून जास्त वेळ त्याला खुर्चीत किंवा गाडीत जखडून ठेवू नये. दोन वर्षांखाली पडदा नकोच, पुढे फार तर एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच आहे.

तीन तास! हे वाचून कुणीही विचारेल, ते पळायचे कुठं? पूर्वी हा प्रश्न पडत नव्हता. घरापुढं अंगण होतं, मागं परडं होतं, गोठ्यात वासरू होतं आणि नजर ठेवायला पाच-सहा माणसं होती. आता अंगणात फरशी आली, फरशीवर गाडी आली. गल्लीच्या तोंडाशी रस्ता, आणि हंगामात त्या रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या. अशा रस्त्यावर पोराला सोडणार कोण? दार लावून घेतलं जातं, हातात मोबाइल दिला जातो. तो काढून घेतला की पुन्हा थैमान. वांडपणाचा निम्मा हिशेब इथेच लागतो.

अंगणाचं महत्त्व महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींच्या ध्यानात आलं, की पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली. मूल जिथं आहे आणि जसं आहे, तिथून सुरुवात करायची ही त्यांची रीत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली, पण शब्दातलं अंगण पुष्कळ ठिकाणी गळून पडलं. उरली एक खोली, तीही तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याआधीच्या पोराच्या वाट्याला घरी न्यायचा आहार, लस आणि वजनकाटा.

गारगोटीला हे बोलायचा हक्क इतरांपेक्षा जास्त आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी १९५२ साली इथं मौनी विद्यापीठ उभं केलं. पुढे हेच नाईक देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. ज्या गावाचा शिक्षणविचार दिल्लीपर्यंत गेला, त्या गावानं शाळेआधीच्या पोराचाही विचार करायला हरकत नाही.

घरानं करायचं ते फार अवघड नाही, चिवटपणाचं आहे. सकाळ-संध्याकाळ पोराला मोकळं सोडायचं. घरात त्याला खरं काम द्यायचं: मटार सोलणं, तांब्यानं बादली भरणं, धुतलेले चमचे पुसणं. पिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला की दिवसातले दहा 'नको' वाचतात. 'नाही' मोजकेच ठेवावेत, पण आई, बाबा आणि आज्जी यांचे एकच असावेत. आईनं नाकारलेली चिप्सची पुडी आज्जीच्या पदराआडून मिळाली, की पोर आरडाओरड्याचं मोल शिकतं. खेळ थांबवायच्या आधी पाच मिनिटं सांगून ठेवावं. थैमान सुरू झालं की जवळ बसावं, इजा होऊ देऊ नये, भाषण देऊ नये. मारून पोर गप्प होतं, पण मोठ्यानं धाकट्याला मारायचं असतं हेही शिकतं. बागुलबुवाची भीती घातली, तर रात्रीची झोप जाते. आणि या वयाला झोप दिवसाकाठी अकरा ते चौदा तास हवी. ती अपुरी पडली की संध्याकाळ सगळ्या घराला जड जाते.

सगळंच 'वयाचं आहे' म्हणून सोडूनही चालणार नाही. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळून बघत नाही, नजर देत नाही, आलेले शब्द विसरतं, स्वतःला सारखी इजा करून घेतं, अशा मुलाला डॉक्टरांना दाखवावं. ऐकू कमी येणारं मूलही हट्टी वाटू शकतं. मात्र अडीच वर्षांच्या पोरावर अतिचंचलतेच्या आजाराचा शिक्का घाईनं मारू नये. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही त्या निदानाचा विचार चार वर्षांपासून पुढे करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, तीही मोफत. त्या दिवशी पोराला घेऊन जावं आणि शंका तिथेच विचारावी.

उरलेलं काम गावाचं. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी पाळणाघर चालवता येतं. त्याची मागणी ग्रामसभेत व्हायला हवी. तोवर अंगणवाडीचं किंवा शाळेचं आवार संध्याकाळी पाच ते सात उघडं ठेवावं, वाळूचा एक ढीग टाकावा आणि आळीपाळीनं दोन मोठ्यांनी तिथं बसावं. पहिली पाळी सकाळी किक मारून गेलेल्या बाबांनी घ्यावी.