काळजीलाही वेळ ठरवून द्यावी

वसई-विरारच्या माणसाला काळजीसाठी कारण शोधावे लागत नाही. सकाळची लोकल मिळेल का, पाण्याचा टँकर येईल का, मुलाचा दहावीचा पेपर कसा जाईल, घराचा हप्ता वेळेवर फिटेल का? आणि ज्या इमारतीत राहतो ती पक्की आहे का? हा शेवटचा प्रश्न येथे जिवाचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर भिंतीला तडा दिसला की एखाद्याची झोप उडाली, तर त्यात नवल नाही. अशा माणसाला ‘उगाच काळजी करू नका’ असे सांगून भागत नाही.

रमजानमध्ये त्याला आणखी एक सल्ला हमखास मिळतो: नमाज पढा, जिक्र करा, मन शांत होईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि इबादतीने कितीतरी जणांना आधार मिळतोही. पण नमाजनंतरही छातीची धडधड थांबली नाही, तर तो माणूस आपले ईमानच कमजोर आहे असे समजू लागतो. आधीची काळजी असतेच, त्यात अपराधीपणाची भर पडते. शेजारच्या घरात नामस्मरण करणाऱ्या आजीची किंवा रोझरी म्हणणाऱ्या काकांची गतही याहून वेगळी नसते.

मुस्लिम परंपरेत या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वीच झाला आहे. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख प्रांतात जन्मलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांचा मृत्यू इ.स. ९३४ मधला. शरीर आणि मन यांच्या हितावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि त्याचा दुसरा भाग पूर्णपणे मनाला दिला. शरीर आजारी पडते तसे मनही पडते, ही त्यांची मूळ भूमिका. अचानक दुखणे आले तर हाताशी असावे म्हणून घरात औषध ठेवतात. तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, म्हणजे भीतीच्या वेळी ते कामी येतात, असे ते सांगतात. दुःखाचेही ते दोन प्रकार करतात. एकाचे कारण माहीत असते, दुसऱ्याचे नसते. आणि या दुसऱ्यासाठी शरीरावरही उपचार हवेत, असे त्यांचे मत होते. नालासोपाऱ्याच्या वाचकांना एक गोष्ट ऐकून गंमत वाटेल. बल्खी भूगोलाचेही जाणकार होते आणि त्यांच्याच परंपरेतील इस्तख्री व इब्न हौकल यांनी दहाव्या शतकात सोपाऱ्याची नोंद ‘सुबारा’ अशी केली आहे.

मग रोजच्या काळजीचे करायचे काय? आधी तिची वाटणी करावी. काही काळज्यांवर हातपाय हलवता येतात. अल्लाहवर भरवसा ठेवण्याआधी आपला उंट बांधावा, ही पैगंबरांची शिकवण मुस्लिम घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. इमारतीची भीती वाटत असेल तर उंट बांधणे म्हणजे सोसायटीची बैठक बोलावणे, कागदपत्रे मागणे, स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना तर ते कायद्यानेच बंधनकारक आहे. एकट्याने रात्रभर कूस बदलून खांब मजबूत होत नाही.

उरतात त्या ‘असे झाले तर?’ छापाच्या काळज्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यावर एक साधा उपाय मांडला. काळजीसाठी रोज अर्धा तास राखून ठेवायचा. वेळ तीच, जागाही तीच, मात्र अंथरूण नव्हे. दिवसा विचार आला की कागदावर टिपायचा आणि ‘तुझी वेळ संध्याकाळी’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचे. हे रोजेदाराला समजावून सांगावे लागत नाही. दुपारी तीनला भूक कडकडून लागते, पण मगरीबपर्यंत तो थांबतो. भुकेची लाट येते आणि ओसरते, हे त्याने अनुभवलेले असते. विचारांचेही बरेचसे असेच आहे. इफ्तारनंतर आणि तरावीहपूर्वी हा अर्धा तास सहज बसवता येईल. कागद उघडल्यावर त्यातल्या निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या दिसल्या, तर आश्चर्य वाटायला नको.

मात्र याच महिन्यात सहरी आणि तरावीहमुळे झोप तुटते, दिवसाचा चहा बंद होतो. डोके दुखते, चिडचिड होते आणि थकलेल्या मनाला साधी अडचणही संकट वाटते. म्हणून दुपारची थोडी झोप आळस समजू नये. मानसिक आजारावर गोळ्या घेणाऱ्यांनी त्यांच्या वेळा परस्पर बदलू नयेत, डॉक्टरांना विचारूनच रोजा धरावा. आजाऱ्याला रोजातून सवलत कुराणानेच दिली आहे आणि मनाचा आजारही आजारच आहे.

काळजीने झोप, भूक आणि काम बिघडू लागले, श्वास कोंडल्यासारखा वाटू लागला, तर मदत मागण्यात कमीपणा नाही. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. जवळच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था काम करते आहे.

हा क्रमांक जुम्याच्या खुतब्यानंतर सांगितला गेला, चर्चच्या सूचनांत वाचला गेला, सोसायटीच्या फलकावर लागला, तर कोणत्याही धर्माला बाधा येणार नाही. मगरीबच्या वेळी विरार लोकलमध्ये खजूर पुढे करताना कोणी समोरच्याचे नाव विचारत बसत नाही. ‘झोप लागते ना रे तुला?’ हा प्रश्नही शेजाऱ्याला तितक्याच सहजपणे विचारला जायला हवा.