विचारणारे कुणी नाही
बेळगावात खडेबाजारातून निघावे, तर चार जण तरी हटकणार, “कुणाचा रे तू? कुठं चाललास?” या चौकशांना मी अगदी विटलो होतो. म्हणून गतवर्षी दोन महिने डोंबिवलीत राहण्याचा योग आला, तेव्हा हायसे वाटले. लोकलमध्ये उभ्याने मुंबई गाठायची, सुमारे ५० किलोमीटर. तेही अंगवळणी पडले. परतताना दादरला उतरून शिवाजी मंदिरात एकट्याने नाटक पाहावे, विचारणारे कुणी नाही!

पुढे तीन दिवस तापाने खोलीत पडून होतो. शेजारचे दार रोज उघडे, रोज लागे. शहराला माणुसकी नसते, असे आपण निबंधांत लिहितो. मला ते पटत नाही. मीही त्या शेजाऱ्याचे नाव कधी विचारले नव्हते. चौथ्या दिवशी मीच ते दार ठोठावले.

“कुठले तुम्ही?” त्याने विचारले.