खरवसाचा पहिला हक्कदार

खरवस आवडत नाही असा माणूस पुंडलिकनगरात शोधून दाखवा! डेअरीवर चीक आल्याची खबर मिळायचा अवकाश, ऑफिसातून दमून आलेली मंडळीही बाईक वळवतात. गूळ, वेलची, कुकरची वाफ... विषय संपला. पण या वाटीवर पहिला हक्क कुणाचा, हे मला कळलं ते गेल्या महिन्यातल्या एका वीकएण्डला.

आमच्या मोठ्या काकांचा गोठा पैठण तालुक्यात. शुक्रवारी चुलतभावाचा फोन आला, ‘वासराचं काही खरं दिसत नाही, येतीस का?’ लाल कंधारी गाय, पहिलंच वेत. रात्री व्यायली तेव्हा घरातले सगळे लग्नाला गेलेले. वासरू सडाला लागेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उलटली होती.

मी पोचले तेव्हा पाच दिवसांचं ते पोर हगवणीने लोळागोळा झालेलं. डोळे खोल, कान गार. डॉक्टरांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. एरवी ती झटकन सपाट होते, इथे घडी तशीच उभी! म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. शिरेतून सलाईन लागलं आणि पुढची नाइट शिफ्ट आमच्याकडे आली.

‘लेकराचं पोट बिघडल्यावर काय करतो? तेच करायचं,’ मोठी आई म्हणाली. डॉक्टरांनी दिलेलं इलेक्ट्रोलाइटचं कोमट पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मान फार वर करायची नाही, नाहीतर घोट फुप्फुसात जातो. खाली कोरडं काड, अंगावर गोणपाट, बाकीच्या वासरांपासून वेगळं. आणि दर वेळी साबणाने हात धुवायचे, कारण यातले काही जंतू माणसालाही लागतात.

हे सगळं कशामुळे? माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच बरीच प्रतिकारशक्ती मिळते. गाईच्या वारेतून ती वासरापर्यंत पोचतच नाही. वासराला ती मिळते फक्त चिकातून. तीही घाईघाईने... जन्मल्यावर तास-दोन तासांत, वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन लिटर. चोवीस तासांनंतर आतडी हे संरक्षण रक्तात घेईनाशी होतात. मग कितीही पाजा, ती वेळ गेलेली असते.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी राज्यभर पसरला, तेव्हा मेलेल्या वासरामागे सरकारने १६ हजार रुपयांची मदत ठरवली होती. लस दिलेल्या गाईच्या चिकातून वासराला पहिले काही महिने लम्पीपासूनही थोडं कवच मिळतं. दोन लिटर चिकाची खरी किंमत ही!

रविवारी पहाटे वासरू थरथरत उभं राहिलं. दुपारी त्याने आईच्या कासेला ढुशी मारली. मोठी आई काही बोलली नाही, नुसता पदर डोळ्यांना लावला.

खरवस सोडा, असं मी मुळीच म्हणत नाहीये. गाय वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते. फक्त दूधवाल्या भाऊंना एक विचारा, ‘वासराचं पोट भरलं का?’ आणि गावाकडचं जनावर आजारी पडलं, तर १९६२ हा टोल फ्री नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा. पशुवैद्यकीय सेवेचा आहे. आपल्यापैकी निम्म्यांचा गोठा अजून गावाकडे आहेच की!