उपजत बुद्धि आणि विवेक

कोळी कोणत्याहि गुरूपाशीं न बसतां आपलें जाळें विणतो. कासवाचें पिलूं वाळूंतून बाहेर येतांच, आईचें तोंडहि न पाहतां, समुद्राची वाट धरतें. शलमोनाच्या नीतिसूत्रांत आळशाला मुंगीपाशीं धडा घेण्यास पाठविलें आहे, तें उगीच नव्हे. ईश्वरानें प्राणिमात्रांस दिलेल्या या उपजत बुद्धीचें कौतुक करावें तितकें थोडेंच.

परंतु या बुद्धीला एक मोठी मर्यादा आहे. परिस्थिति पालटली कीं ती आंधळी होते. रत्नागिरी जिल्ह्यांत वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालतात. या कासवांचीं पिलें रात्रीं क्षितिजाचा जो भाग अधिक उजळ दिसेल तिकडे धांवतात. निर्जन किनाऱ्यावर तो भाग समुद्राचाच असतो. पण जवळपास विजेचे दिवे असले तर तींच पिलें दिव्यांकडे वळतात आणि जिवास मुकतात. लोरेन्झ व टिंबर्गेन या शास्त्रज्ञांनीं १९३८ सालीं राखी हंसाविषयींचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. घरट्याबाहेर घरंगळलेलें अंडें हंसी चोंचीनें आंत ओढते. पण मध्येंच तें अंडें कोणी काढून घेतलें, तरी ती नसलेलें अंडें घरट्यापर्यंत ओढीतच राहते! फ्रान्समध्यें फाब्र या निरीक्षकानें १८९६ सालीं एकामागून एक चालणाऱ्या सुरवंटांची रांग एका कुंडीच्या कांठावर फिरतांना पाहिली. प्रत्येक जण पुढच्याच्या मागें चालला होता. अन्न जवळच असतां ते सात दिवस तसेच फिरत राहिले.

यांत त्या मुक्या जीवांचा दोष नाहीं, कारण त्यांना निवड करतांच येत नाहीं. आपल्याला ती करतां येते. म्हणूनच आपण उत्तरदायी ठरतों. राग आला कीं हात उगारणें, चार सोबती एखाद्या दुबळ्या मुलास हंसले कीं आपणहि हंसणें, मोबाइलचा पडदा उजळला कीं पुस्तक मिटणें, या गोष्टी त्या पिलांच्या धांवण्याहून फारशा निराळ्या नाहींत. आणि शेजारच्या मुलानें विज्ञान शाखा घेतली म्हणून आपल्या मुलालाहि तीच घ्यावयास लावणारे पालक आम्हांस त्या कुंडीच्या कांठाची आठवण करून देतात.

कोणी म्हणेल, पदोपदीं विचार करीत बसलें तर संसार चालावा कसा? शंका रास्त आहे. आईची माया, संकटांत सावध होणें, या उपजत प्रेरणा ईश्वराच्या देणग्याच आहेत. त्या मारून टाकाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. शिवाय विचारपूर्वक केलेली निवड वारंवार आचरली म्हणजे तीच संवय होते, आणि मग दर वेळीं विचार करण्याचे श्रम पडत नाहींत. मात्र ती संवय आपण निवडलेली असावी. दुसऱ्यांच्या मागें जातां जातां जडलेली नसावी.

दहावीच्या विद्यार्थ्यांना लौकरच शाखा निवडावी लागेल. त्यांच्या पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं अर्ज भरण्यापूर्वीं एक संध्याकाळ मुलाजवळ बसावें, त्याचें मन कशांत रमतें हें विचारावें, आणि त्याचें उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. विद्यार्थ्यांनीहि “सगळे तेंच घेतात” हें उत्तर देऊं नये. कारण तें उत्तर सुरवंटालाहि देतां आलें असतें.