काळा धूर ओकणारा ट्रक म्हातारा झालेला असतो, की फक्त टायमिंग बिघडलेला? समजून घ्या

घाटात एखाद्या जुन्या ट्रकच्या मागे अडकलं की आपण गाडीची काच वर करतो आणि म्हणतो, 'असल्या गाड्या भंगारातच काढायला हव्यात.' सरकारी धोरणंही गेल्या काही वर्षांपासून याच दिशेने चालली आहेत. जुन्या ट्रकच्या पासिंगची फी वाढली, दिल्लीचे दरवाजे बंद होत गेले आणि भंगार धोरण आलं.

पण त्या काळ्या धुराचं कारण दरवेळी गाडीचं वय असतं का? अनेकदा नसतं. चोक झालेला एअर फिल्टर, गळका नोझल किंवा काही अंशांनी सरकलेलं टायमिंग, एवढ्याशा गोष्टीनेही ट्रक काळा धूर ओकायला लागतो. ज्याचं घर एकाच ट्रकवर चालतं त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. एका बाजूला गॅरेजचं बिल असतं आणि दुसऱ्या बाजूला गाडी कायमची जाण्याची वेळ.

हे टायमिंग प्रकरण नेमकं काय आहे आणि त्याचा सध्याच्या नियमांशी काय संबंध आहे, ते सोप्या भाषेत पाहू.

आधी नियम काय सांगतात?

१३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने वाहन भंगार धोरण जाहीर केलं. फक्त वय झालं म्हणून गाडी मोडीत काढा, असं हे धोरण सरसकट म्हणत नाही. गाडी फिटनेस चाचणीत पास होते की नाही, यावर ते उभं आहे. नापास झाली तर दुरुस्ती करून पुन्हा चाचणी देता येते. त्यातही नापास झाली, तर तिचं आयुष्य संपलं असं धरलं जातं. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधल्या काळात गॅरेजमध्ये काय होतं, यावर ट्रकचं भवितव्य ठरतं.

आठ वर्षं पूर्ण झालेल्या ट्रकला दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्याची फीही वाढली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या अवजड ट्रक-बसच्या फिटनेस चाचणीची फी २,५०० वरून थेट २५,००० रुपयांवर नेली.

दिल्लीचं गणित वेगळं आहे. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त वयावरून कारवाई करू नका, असं सांगितलं. डिसेंबरमध्ये त्यात बदल करून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं.

बाहेरून येणाऱ्या मालवाहू गाड्यांचे नियम आणखी कडक आहेत. दिल्लीबाहेर नोंदणी असलेल्या बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून प्रवेश बंद झाला, तर बीएस-४ गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. त्यामुळे नाशिकचा कांदा घेऊन आझादपूर मंडीला जाणाऱ्या जुन्या ट्रकचं इंजिन कितीही ठणठणीत असलं, तरी तिथे त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्रात मात्र गाडी चाचणीत टिकते का, हाच मुख्य प्रश्न आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, मग टायमिंग कशाचं?

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी पाडतो. जुन्या अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीमध्ये ती ठिणगी कधी पडायची, हे डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंटवर ठरायचं. डिझेल ट्रकमध्ये यातलं काहीच नसतं. पिस्टन हवा इतकी दाबतो, साधारण १७ पटींच्या आसपास, की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं.

म्हणजे फवारा ज्या क्षणी सुटतो, तोच इथला 'इग्निशन'चा क्षण. आपल्याकडच्या जुन्या ट्रकमध्ये हे काम इंजिनला गिअरने जोडलेला फ्युएल पंप करतो. बऱ्याच मिस्त्रींच्या तोंडी आजही त्याचं नाव 'मिको पंप' असंच आहे. हा पंप प्रत्येक सिलेंडरला ठरलेल्या क्रमाने डिझेल देतो. सहा सिलेंडरच्या इंजिनात हा क्रम बहुधा १-५-३-६-२-४ असतो.

यात किती नेमकेपणा लागतो ते पाहा. इंजिन मिनिटाला २,००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलेंडरला मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे सेकंदाला १६ ते १७ वेळा डिझेल मिळतं. या वेगाला क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाचा साधारण बारा हजारावा भाग लागतो. मिस्त्री जेव्हा 'टायमिंग दोन-तीन डिग्री पुढे गेलंय' म्हणतो, तेव्हा तो एवढ्या छोट्या वेळाबद्दल बोलत असतो.

टायमिंग चुकलं की काय होतं?

डिझेल उशिरा आलं तर: पिस्टन खाली जायला लागल्यावरही ज्वलन सुरूच राहतं. ताकद चाकांपर्यंत पोहोचायच्या ऐवजी उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते. पिकअप मरतो, अॅव्हरेज पडतं, चढावर इंजिन तापतं आणि धूर वाढतो.

डिझेल लवकर आलं तर: हवा पुरेशी तापलेली नसते. डिझेल क्षणभर साचतं आणि मग एकदम पेटतं. इंजिन ठोकल्यासारखा कडक आवाज येतो, सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो, पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो.

टायमिंग आपोआप का सरकतं? गिअर आणि कपलिंग झिजतात, पंपाच्या आतले भाग झिजतात. आणखी एक कारण म्हणजे पंप दुरुस्तीला उतरवला जातो आणि परत बसवताना खुणा नीट जुळवल्या जात नाहीत. 'गाडी पंपाचं काम केल्यापासूनच धूर मारतेय' अशी तक्रार असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोक, टर्बोच्या पाइपला गळती, खराब नोझल, जास्त वाढवलेला पंप किंवा उशिराचं टायमिंग.

पांढरा धूर: डिझेल न जळता बाहेर पडतंय. थंडीच्या सकाळी थोडा वेळ आला तर फार चिंता नाही. इंजिन गरम झाल्यावरही येत असेल तर टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासावं. रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

निळा धूर: इंजिन ऑइल जळतंय. रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. टायमिंग कितीही जुळवलं तरी हा धूर जाणार नाही. खरं म्हातारपण बहुतेक वेळा या रंगात दिसतं.

मग तपासायचं कुठून?

इथे बरेच पैसे वाया जातात. धूर दिसला की थेट पंप उतरवायचा, ही घाई महागात पडते. स्वस्त गोष्टीपासून महाग गोष्टीकडे जाणं हा साधा क्रम आहे:

१. एअर फिल्टर. आधी तो बघा. टर्बोच्या होसला चीर आहे का, क्लॅम्प सैल आहेत का, तेही बघा.

२. डिझेल फिल्टर आणि लाइन. टाकीतला गाळ, तुंबलेला फिल्टर किंवा लाइनमध्ये शिरलेली हवा यामुळे इंजिन मिस मारतं आणि हे टायमिंगचं दुखणं असल्यासारखं वाटतं. हँड पंपाने एअर काढून पाहावी. पुन्हा पुन्हा एअर येत असेल तर वॉशर किंवा पाइप कुठेतरी हवा खेचतोय.

३. टॅपेट. व्हॉल्व्हचं अंतर बिघडलं की सिलेंडरमध्ये हवा नीट भरत नाही.

४. नोझल. जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करतात. चांगला सिलेंडर असेल तर इंजिनचा आवाज लगेच पडतो. नट सैल करूनही फरक पडला नाही, तर दोष त्या सिलेंडरमध्ये आहे. मग नोझल काढून प्रेशर आणि फवारा तपासून घ्यावा. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नये. तिथे डिझेलचा दाब १,००० बारच्याही वर जातो आणि ती धार कातडीतून आत घुसते.

५. टायमिंग. वरचं सगळं ठीक असेल तरच फ्लायव्हील किंवा पुलीवरची खूण आणि पंपाची खूण जुळवावी. योग्य अंश किती, हे त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतात. दुसऱ्या मॉडेलचा आकडा चालत नाही.

६. कॉम्प्रेशन. तेही कमी असेल तर इंजिनचं मोठं काम निघालं. हा खर्च करायचा की गाडी मोडीत काढायची, हा विचार खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो.

चाचणीत नेमकं काय मोजतात?

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात आणि धूर किती प्रकाश अडवतो, ते यंत्र मोजतं. असं अनेकदा करून सरासरी काढतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा आहे २.४५ प्रति मीटर, तर बीएस-४ ला १.६२.

२.४५ म्हणजे किती? धुराचा एक मीटर जाडीचा थर असेल, तर त्यातून जेमतेम ९ टक्के प्रकाश पार होतो. बीएस-४ च्या मर्यादेला साधारण २० टक्के. म्हणजे जुन्या गाड्यांसाठीची मर्यादा मुळातच बरीच ढिली आहे. एवढ्या सवलतीतही ट्रक नापास होत असेल, तर त्याच्यात काहीतरी दुरुस्त करण्यासारखं नक्कीच बिघडलेलं आहे.

पण धूर थांबला म्हणजे ट्रक स्वच्छ झाला का?

नाही. ट्रकमालकांच्या बाजूने बोलतानाही हे मान्य करायला हवं.

ही चाचणी फक्त काजळी पाहते. नायट्रोजन ऑक्साइड हे दुसरं घातक प्रदूषण डोळ्यांना दिसत नाही आणि या चाचणीत मोजलंही जात नाही. जुन्या इंजिनात या दोघांचं नातं तराजूच्या पारड्यांसारखं आहे. टायमिंग थोडं लवकर केलं की धूर कमी होतो, पण ज्वलनाचं तापमान वाढून नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. उशिरा केलं की उलटं होतं.

शिवाय चाचणीपुरतं पंपातून डिझेल कमी करून घ्यायचं आणि पास झाल्यावर लोड ओढायला पुन्हा वाढवायचं, हेही करता येतं. मग कागद स्वच्छ होतो, हवा नाही.

कंपनीने इंजिन मंजूर करून घेताना पाळायच्या मर्यादा पाहिल्या तर अंतर आणखी स्पष्ट होतं. अवजड डिझेल इंजिनाला बीएस-३ मध्ये प्रति किलोवॅट-तास ५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड आणि ०.१० ग्रॅम कण चालायचे. बीएस-६ मध्ये हेच आकडे ०.४ आणि ०.०१ ग्रॅमवर आले. उत्तम टायमिंग लावलेला जुना ट्रकही नव्याची बरोबरी करू शकत नाही, कारण नव्या ट्रकमध्ये धूर गाळणारी आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी वेगळी यंत्रणाच बसवलेली असते.

मग योग्य काय?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकत्र करतो. पहिला, हा ट्रक आज जितका धूर सोडतोय तितका त्याने सोडायला हवा का? याचं उत्तर गॅरेजमध्ये मिळतं. दुसरा, असे ट्रक किती वर्षं रस्त्यावर राहू द्यायचे? याचं उत्तर धोरणाने द्यायचं असतं आणि ते देताना एका ट्रकवर पोट असलेल्या माणसाला नवी गाडी कशी परवडेल, हेही सांगावं लागतं. जुना ट्रक भंगारात दिल्याच्या प्रमाणपत्रावर नव्या व्यावसायिक गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. पण नव्या ट्रकच्या किमतीपुढे ती किती पुरते, हे कोणताही ट्रकमालक सांगेल.

फक्त फी वाढवून पहिला प्रश्न सुटत नाही. २५,००० रुपये फी भरली म्हणून नोझल सुधारत नाही. उलट फीमध्ये गेलेले पैसे दुरुस्तीला कमी पडण्याची शक्यता असते.

तोपर्यंत ट्रकमालकाला लगेच करता येईल अशी एक गोष्ट आहे. पीयूसीच्या कागदावर फक्त 'पास' बघून तो डॅशबोर्डमध्ये टाकू नका. त्यावर धुराचा आकडा छापलेला असतो. मागच्या वेळचा कागद शेजारी ठेवा. मागे १.२ असलेला आकडा आता २.१ झाला असेल, तर गाडी पास असली तरी आत काहीतरी बिघडायला लागलंय. एअर फिल्टर आणि नोझल तपासायची वेळ तीच, कारण नापास झाल्यावर तेच काम चाचणीच्या तारखेच्या दडपणाखाली करावं लागतं.