डाउनलोड केलेले पुसायचे कोणाच्या सोयीसाठी?

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत सहा जुने संगणक आले आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा थांबवल्या आणि एका कार्यालयाने आपली यंत्रे भंगारात काढली. त्यांवर विंडोज ११ चढत नव्हते. आमच्या पोरांनी त्यांवर लिनक्स चढवले. यंत्रे उत्तम चालू लागली. अडले ते इंटरनेटवर.

अभ्यासिकेत वायरचे कनेक्शन नाही. एका पोराच्या मोबाइलवरून नेट घ्यायचे. त्याचा रोजचा कोटा दीड जीबी. पहिल्या संगणकावर शेकडो एमबीच्या सुधारणा, मराठी टायपिंगचे साहित्य आणि दोन-चार प्रोग्राम उतरवता उतरवता त्या दिवसाचा कोटा संपला. दुसऱ्या दिवशी दुसरा संगणक घेतला, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात! तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "काल उतरवलेले कुठे गेले?" अभ्यासिकेतल्या थोरांपैकी कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता, हे आम्ही कबूल करतो.

उत्तर असे की, ते पुसले गेले होते. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या एकाच कुळातल्या प्रणाली. त्यांत प्रोग्राम 'पॅकेज' म्हणून येतो. 'अॅप्ट-गेट' ही जुनी आज्ञा दिली तर उतरवलेली पॅकेजे संगणकावरच राहतात. 'अॅप्ट' ही नवी, सुटसुटीत आज्ञा मात्र २०१६ पासून काम झाले की ती पुसून टाकते. डिस्कची जागा वाचते, हे त्यामागचे कारण. कारण खोटे नाही. पण ज्याच्या घरी नेट नळाच्या पाण्यासारखे येते त्याला जागा महाग वाटते, आणि जो हंडा घेऊन रांगेत उभा आहे त्याला पाणी. नियम ठरवताना हिशेब पहिल्याचा धरला गेला, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कुणी म्हणेल, आता कसले स्लो इंटरनेट? हिशेब करून पाहा. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस होता. तेव्हा लिनक्सची एक सीडी ७०० एमबीची. ती उतरवायला सहा तास लागत. २०२३ मध्ये ही मर्यादा २ एमबीपीएस झाली, म्हणजे जवळपास आठपट. पण आज उबुंटूची प्रत सहा जीबीच्या आसपास आहे. किमान वेगाने ती उतरवायला साडेसहा तास लागतात! वीस वर्षांत रांग हलली कुठे? उलट २०११ पर्यंत उबुंटूची सीडी फुकट टपालाने घरी येत असे. तीही सोय गेली.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, पहिल्या संगणकावर 'अॅप्ट-गेट'च वापरा. मग 'व्हार' फोल्डरात 'कॅश', त्यात 'अॅप्ट' आणि त्यात 'आर्काइव्ह्ज' उघडा. शेवटी 'डेब' लिहिलेल्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या संगणकावर आधी पॅकेजांची यादी ताजी करा, त्याला थोडा डेटा लागतो. मग त्या फाइली त्याच जागी टाका आणि तीच आज्ञा द्या. असलेले पॅकेज तो पुन्हा मागवत नाही, फक्त नसलेले आणतो. मात्र दोन्हीकडे लिनक्सची आवृत्ती एकच हवी, आणि ३२ बिट व ६४ बिट यांची सरमिसळ नको. 'क्लीन' या आज्ञेला तर हातच लावू नका, ती सगळेच पुसते. 'ऑटोक्लीन' चालेल, जी पॅकेजे आता कुठे मिळतच नाहीत तेवढीच ती काढते.

जुन्या पॅकेजांत धोका नाही का? आहे. म्हणूनच यादी ताजी करायची. नवी सुधारणा आली असेल तर तेवढीच उतरते.  फाइलीवर थेट डबल क्लिक करून बसवण्यात ही राखण मिळत नाही, म्हणून तो आळस नको.

राहिला चोरीचा प्रश्न. आमच्यातले काही भले लोक अशी नक्कल करायला बिचकतात. ही सवय पायरेटेड सीडीच्या काळातली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला तो या हक्कासाठीच: प्रोग्राम वापरा, बदला, शेजाऱ्याला द्या. यातली बहुतेक पॅकेजे अशाच परवान्याची आहेत. स्पर्धा परीक्षेची पुस्तके आपल्याकडे एक बॅच पुढच्या बॅचला देते, तेव्हा कुणी लाजते का?

आमचे उरलेले चार संगणक एका संध्याकाळी तयार झाले. पेनड्राइव्ह आता अभ्यासिकेच्या कपाटात असतो. त्यावर प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आहे, आणि तो कोण घेऊन गेले याची नोंद पुस्तकांच्या वहीतच होते. गेल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीतली मुले तो मागायला आली होती. त्यांची आवृत्ती वेगळी निघाली, म्हणून त्यांच्यासाठी दुसरा पेनड्राइव्ह भरायला घेतला आहे.